मासे न खाणारा मध्यस्थ

अण्णा, तुझ्या गळाच्या काठीवरून घरात भांडण झालं. जानकी म्हणाली, अप्पांची आठवण म्हणून मी ती चेन्नईला नेते, हॉलमध्ये भिंतीवर लावते. तुझ्या हौशी गळवाल्यांच्या क्लबातले दोघं आले होते, त्यांना ती क्लबात हवी आहे, हार घालायला. मी सगळ्यांना एकदमच झापलं. म्हटलं, मासा लागलेली वस्तू उंबऱ्याच्या आत यायची नाही हा अम्माचा नियम, तो खुद्द अण्णानं जन्मभर पाळला, मग तुमच्या भिंती आणि तुमचे हार मध्येच कुठून आले? काठी न्हाणीमागे आहे तिथेच राहील. क्लबातले बिचारे चपला घालून निघून गेले. तुझी लेक रडायला लागली. मग मीही रडले, आणि शेवटी दोघींनी मिळून कॉफी केली.

तू गेलास तेव्हा कावेरीत पाणी नव्हतं. धरणाची दारं बंद, घाटाच्या शेवटच्या पायरीखाली नुसती वाळू आणि वाळूत एक हिरवट डबकं. क्रिया चालवणारे वाध्यार म्हणाले, इथेच सोडा, सगळं पाणी कावेरीचंच. पिंड सोडले. मासे यायला हवे होते ना वर? एक बेडूक आला, बघून गेला. एरवी अशा गोष्टीवर तू आठवडाभर विनोद केले असतेस. मला तिथे इतकं एकटं वाटलं की मी जानकीचा दंड धरला तो घरी येईपर्यंत सोडलाच नाही.

हे मी पुण्याच्या मराठीत लिहिते आहे, रागावू नकोस. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या घरांतली मराठी आपण बोललो, ती लिहायला कधी कुणी शिकवली? लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा सासूबाई पाहुण्यांसमोर मला मुद्दाम बोलायला लावायच्या आणि म्हणायच्या, "बघा, आमची सून बखरीतून उठून आलीय." त्या हसण्याला कंटाळून मी ही मराठी शिकले. आमचे हे गेले तेव्हा तू स्वतः पुण्याला येऊन मला माझ्या ट्रंकांसकट आणि तुळशीसकट घेऊन आलास, पुढची खोली दिलीस, आणि बहिणीला ठेवून घेतलं असा शब्द कधी तोंडातून काढला नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आज बोलते. तू नसतास तर मी तिथे कुणाच्या तरी उपकारांवर सुकून गेले असते. आता या घरात सकाळी उठून घरचं कुणाशी बोलायचं? जानकीला कळतं सगळं, पण तिचं उत्तर तमिळमध्ये येतं.

आपलं पहिलं भांडण आठवतं? मी नुकतीच परत आले होते. तू सकाळी डब्यात दहीभात घेऊन, काठी खांद्यावर टाकून पूंपुहारच्या बसला निघायचास आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं यायचास. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेला, एकादशीला पाणीसुद्धा विचारून पिणारा माणूस समुद्रावर जाऊन मासे धरतो आणि पुन्हा पाण्यात सोडतो. मी म्हटलं, "धरून सोडायचा, तर मग धरतोस काय म्हणून? तेंसही त्रास, तुजही त्रास." तू चिडला नाहीस. "सुबी, धरल्यावांचून अहे का नाहीं तें कळेना," म्हणालास. मी म्हटलं, हे काही उत्तर नव्हे. पानावरून उठेपर्यंत आपण भांडलो. आजही मला ते उत्तर वाटत नाही. माशाच्या ओठाला भोक पडतं ते पडतंच, मग तू त्याला कितीही ओल्या हातांनी धर.

पण एकदा तू मला सोबत नेलंस. कावेरी जिथे समुद्राला मिळते, म्हणजे नावाला मिळते, तिथल्या दगडांच्या बांधापाशी तू उभा होतास. काठी वाकली. खूप वेळ ओढाओढ करून तू एक वंजरम् जवळ आणलास, पुण्याच्या बाजारात ज्याला सुरमई म्हणतात तो. कंबरभर पाण्यात उतरून दोन्ही हातांत धरलास, वर काढला नाहीस, पाण्यातच त्याच्या तोंडातला गळ सोडवलास, आणि त्याला दम येईपर्यंत पोटाखाली हात ठेवून उभा राहिलास. मी काठावरून विचारलं, "हा आमचा का पलीकडल्यांचा?" पलीकडे म्हणजे श्रीलंका. तू मान वर न करताच म्हणालास, "आज एकडे, उद्यां तेकडे. धरील तेचा. तेंच तर वायट अहे." मग तो तुझ्या हातातून गेला. तू बराच वेळ तसाच वाकून पाण्यात बघत होतास आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस नुसता वेळ घालवायला इथे येत नाही.

तुला मध्ये बसवलं ते मच्छीमारांनीच. नागपट्टिणम्‌कडचे आपले आणि जाफन्याकडचे त्यांचे, दोघंही तमिळ बोलणारे, आणि मधला समुद्र एवढासा. आपल्या मोठ्या बोटी तळ खरवडणारी जाळी घेऊन हद्दीपलीकडे जायच्या आणि त्यांची बारीक जाळी फाडून यायच्या. मग तिकडे बोटी धरल्या जायच्या, माणसं तुरुंगात, इकडे त्यांच्या बायका रस्त्यावर, सुटका, आणि पुन्हा तेच. शिवाय उन्हाळ्यात आपल्या बाजूला मोठ्या बोटींना बंदी आणि त्यांच्या बाजूला तशी नाही. म्हणजे इथे वाचवलेला मासा तिथे जाऊन मरायचा, आणि तिथे वाढलेला आपल्या बोटी हद्द ओलांडून घेऊन यायच्या. दोन्हीकडच्यांनी एकत्र बसायचं ठरवलं, तेव्हा मध्ये कोण बसणार यावर गाडी अडली. बोटमालक नको, सरकारी माणूस नको, मासळीचा व्यापारी तर नकोच नको. तेव्हा जाफन्याकडचा त्यांचा म्हातारा पुढारी, सवरिमुत्तू, म्हणाला, "कुंभकोणम्‌चा तो राव सार मासा धरतो आणि खात नाही. त्याला ह्यात वाटा नको. त्यालाच बसवा." आपल्या घरच्या सोवळ्याचा जगात कुणाला उपयोग झाला असेल तर तो हा एवढाच.

पहिल्या बैठकीहून तू आलास तो घामाघूम. एक तरुण मच्छीमार उठून म्हणाला होता, आमच्या चुली बंद करायच्या आणि तुमचे साहेबलोक मजेसाठी गळ टाकत बसणार? पलीकडे पर्यटकांना बोटीत बसवून गळ टाकायला नेतात, त्यांचं काय? तू तिथल्या तिथे सांगितलंस, बंदी ती सगळ्यांना, आधी गळ बंद, मग जाळी. तुझे क्लबवाले किती उखडले! एक जण घरी येऊन तुला सुनावून गेला, आम्ही धरून धरून धरतो किती, चार मासे. तू त्याला शांतपणे विचारलंस, "चारच ना? मग ते चार सोडायला इतकं जड का जातंय?" तो कॉफी न पिता गेला, पण क्लबानं शेवटी मान्य केलं. तिकडच्या पर्यटकांच्या बोटवाल्यांनीही केलं. त्या दिवसापासून मच्छीमार तुला आदरानं ऐया म्हणायला लागले.

आणि घरात तुझा सराव चालायचा, तो मी कसा विसरेन. मला तू पलीकडचे केलंस, रिकाम्या खुर्चीला आपले बोटमालक, आणि मधल्या ताटात इडल्या. एकेक इडली म्हणजे मासेमारीचा एकेक आठवडा. मी एक आठवडा सोडायला तयार होईना. "सुबी, तू तर तेंच्याहून वायट!" म्हणून तू डोक्याला हात लावलास. मी म्हटलं, माझी जाळी फाटली आहेत, मी का सोडू? तू डोक्यावरचा हात काढलास आणि म्हणालास, हें मीं तेथें असेंच सांगतों. इडल्या गार झाल्या त्या आपण तशाच खाल्ल्या. माझ्या विधवापणात मी इतकी कधी हसले नव्हते.

आता त्या दिवसाबद्दल. आपल्या लोकांची एक खोड आहे. घराबाहेर पडलो की तमिळ, पण समोरच्याला कळू द्यायचं नसेल तर चारचौघांत खुशाल मराठी. साडीच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडावर अम्मा म्हणायची, "अजून उतरील. उठल्यासारखें करा." आपण सगळे उठायचो आणि तो बिचारा हात जोडून उतरायचा. डॉक्टरसमोर, रिक्षावाल्यासमोर, जानकीच्या शाळेतल्या बाईंसमोर आपण काय काय बोललो असू! या गावात अशी खोड असलेली आपली कितीतरी घरं आहेत. कधी कुणी अडकलं नाही.

शेवटची बैठक कुंभकोणम्‌ला ठेवली, कारण हे गाव कुठल्याच किनाऱ्यावर नाही. लग्नसराई नव्हती म्हणून एक कल्याणमंडप मिळाला. पलीकडून आलेल्यांतले काही सकाळीच तिरुनागेश्वरम्‌च्या देवळात जाऊन आले. जेवण आपलं, केळीच्या पानावर. सवरिमुत्तू पान बघून म्हणाला, "मासे वाचवायची सुरुवात आमच्या पानापासूनच केलीत की." दोन्ही सरकारांची माणसं नुसती बघायला म्हणून बसली होती. त्यांत दिल्लीहून आलेला एक साहेब होता, हसतमुख, सारखा ताक मागणारा. मी तुझ्या साखरेच्या गोळ्या आणि डबा घेऊन तुझ्या मागच्या खुर्चीवर, त्याच्या शेजारी.

बंदीचा काळ ठरला होता. दोन्ही किनारे एकाच वेळी बंद, जाळीही आणि गळही. उरलं होतं एकच, मोठ्या बोटींनी पलीकडे जाणं कधी थांबवायचं. आपले बोटमालक तीन वर्षं मागत होते, पलीकडची तरुण पोरं म्हणत होती आजपासून. आदल्या दिवशी सवरिमुत्तू आपल्या ओसरीवर बसून तुला एकट्याला सांगून गेला होता, "तुमच्या लोकांनी आपण होऊन एक वर्ष म्हटलं, तर मी माझ्या पोरांना एक वर्ष थांबवीन. पण ते आधी तुमच्याकडून यायला हवं. माझ्या तोंडून गेलं तर पोरं मला उभं करणार नाहीत." जेवणं झाल्यावर आपल्या बोटमालकांचा पुढारी तुझ्या कानाशी लागला, ठीक आहे सार, एक वर्ष म्हणतो. माणसं हात धुऊन परत येत होती. तू मागे माझ्याकडे वळलास, तुझे डोळे भरले होते. "सुबी, अस्कें झालें, सगळें झालें! आमचे आपण होऊन सांगणार. सवरिमुत्तू एक वर्ष थांबतों म्हणून काल मज सांगटला अहे. मासे वांचले बघ." मी तुझ्या हातावर गोळी ठेवली आणि पाणी दिलं.

सगळे बसले, आणि कुणी तोंड उघडायच्या आत दिल्लीचा साहेब उभा राहिला. तो इंग्रजीत बोलत होता, कुणीतरी तमिळ करून सांगत होतं. उगाच वेळ कशाला घालवायचा, म्हणाला, पलीकडचे एक वर्ष थांबायला तयारच आहेत, तुम्ही तीन मागताय, दोनवर तोडून टाका आणि संध्याकाळी आपण सगळे देवळात जाऊ. भलेपणानं बोलला, हेच तर. आपल्या बोटमालकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच म्हणाले, दोन चालतील. पलीकडची पोरं सवरिमुत्तूभोवती जमली. कुणी दिलं यांना एक वर्ष? तुम्ही? कुणाला विचारून? एकानं त्याचा दंड धरला. म्हातारा त्यांच्याकडे बघतच नव्हता, तुझ्याकडे बघत होता. मग खांद्यावरचा पंचा झटकून उठला. "तुम्हीही हद्द ओलांडलीत, ऐया," एवढं बोलला आणि निघाला. त्याच्यामागे सगळे गेले. ताकाचे पेले मांडले होते ते तसेच राहिले.

साहेब मिरजेचा निघाला. तुझ्याजवळ येऊन त्यानं तुझे दोन्ही हात धरले. "अहो, तुम्ही मराठी! मघाशी कानावर पडलं आणि मला भरूनच आलं. काय जुनी, गोड भाषा हो तुमची!" स्वतः काय करून बसलो ते त्याला अजून कळलंच नव्हतं. तू त्याला घरी कॉफीला बोलावलंस. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. कॉफी तूच केलीस, तूच दिलीस, आणि त्याला बसपर्यंत पोचवूनही आलास.

मी त्याला आजही सोडलेलं नाही. ऐकलं ते ऐकलं, पण दुसऱ्याच्या घरातलं बोलणं उचलून कुणी सभेत मांडतं का? तू म्हणायचास, "तेणें काय करलें? कान अहेत तेंस, ऐकलें. तोंड माझें होतें." यावर आपण किती भांडलो असू. मी म्हणायची, आनंदात माणूस आपल्या बहिणीशी बोलणार नाही तर कुणाशी? तू म्हणायचास, मध्ये बसणाऱ्यास बहीण नसते. मला ते लागायचं. तुझ्या तत्त्वात माझी जागाच नव्हती, आणि जेवायला मात्र तू माझी वाट बघत थांबायचास.

त्यानंतर तू सगळं सोडलंस. क्लब सोडला, बोटमालकांना कळवून टाकलंस की राव आता ह्यात नाही, पूंपुहारची बस सोडलीस. फक्त मासा सोडला नाहीस. मी भाजीला निघाले की मागून हाक यायची, "वंजरम् दिसला तर बघ, केवढा अहे." म्हणून मी, जन्मात मासळीच्या फळीकडे न बघितलेली बाई, नाकाला पदर लावून बाजारात उभी राहायची आणि घरी येऊन तुला हातावर माप दाखवायची. आधी खांद्यापासून बोटांपर्यंत असायचा. मग कोपरापासून. पुढे पुढे मी माप दाखवणं सोडून नुसती मान हलवायची, आणि तू पेपर पुन्हा तोंडासमोर धरायचास. मासळीवाली मला म्हणाली होती, "एवढासा वंजरम् मांडायची माझी मलाच लाज वाटते, अम्मा. पण हाच येतो." तेवढं मी तुला कधी सांगितलं नाही.

बोटी अजून जातात, अण्णा. माणसं अजून तुरुंगात जातात. बंदी अजून एकाच बाजूला आहे. पेपरात कधीमधी येतं की दोन्ही देशांची बोलणी होणार, आणि मी ते पान घडी करून ठेवून देते. तुला वाटायचं माणसं समोरासमोर बसली की काहीतरी होतं. मला आता तसं काहीच वाटत नाही. कावेरीचं पाणी कुणी किती सोडायचं ते एका देशात असून जमत नाही, मग ज्या पाण्यावर रेघही दिसत नाही तिथला मासा कोण वाटून घेणार? तुझ्यासारखा एक माणूस त्यात मन घालतो आणि मनच घालवून बसतो. तुझं आयुष्य फुकट गेलं असं म्हणायला जीभ उचलत नाही. पण रोज सकाळी कॉफी गाळताना मला तेच वाटतं.

इस्पितळात मी शेवटचं विचारून पाहिलं. "अण्णा, सवरिमुत्तूस फोन करूं? मीं सांगतें, अण्णानें कोणास विकलें नाहीं, घरांत बोलल्यासारखें मज बोलला, तो साहेब मराठी म्हणून आम्हांस ठाऊक नव्हतें." तू डोळे मिटून पडला होतास. "काय सांगणार तू तेंस? गुपित फोडलें, पण मराठींत फोडलें, असें? पोदुम्, सुबी." पोदुम्, पुरे. थोड्या वेळानं म्हणालास, "मज वायट समजतो तो. समजूं दे. खरेंच अहे तें." त्यानंतर तू धड असं काही बोलला नाहीस. मला तेव्हा ओरडून सांगायचं होतं की तू वाईट नाहीस, कुणीही काहीही समजो, तू वाईट नाहीस. नर्स आली, सलाईन बदललं, मला बाहेर बसायला सांगितलं. राहूनच गेलं.

आज दुपारी मी फोन केला. तू नको म्हणाला होतास, पण नको म्हणायला आता तू नाहीस. नंबर तुझ्याच फोनमध्ये होता. आधी कुणी बाई बोलली, मग बराच वेळ कुणाच्या तरी चपला घासत आल्या, मग तो. मी सांगितलं, कुंभकोणम्‌हून राव सारची बहीण बोलते, सार गेले. मग त्यानं विचारलं, "फार त्रास झाला का?" त्या प्रश्नानं माझा बांधच फुटला. मी सगळं सांगून टाकलं, ओसरीवरचं, मंडपातलं, मराठी, मिरजेचा साहेब, तू काठी ठेवून दिलीस ते, इस्पितळात बोललास ते. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"अम्मा," तो म्हणाला, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं. ऐया मागे वळून तुमच्याशी बोलले, तो अधिकारी शेजारी बसून ऐकत होता, हसत होता. मला डोळे आहेत."

मी विचारलं, मग तुम्ही तसं का बोललात?

"पोरं समोर होती. रागात बोललो. राग घरी पोचेपर्यंत टिकला, पुढे नाही." मग खोकला. मग म्हणाला, "त्या एका वर्षाचं मी माझ्या बायकोला ऐयांच्या आधी सांगितलं होतं, अम्मा. माणूस घरात बोलतोच ना."

तो पुढे बोलला. पुढच्या वर्षी त्यांची तीच पोरं त्याच्याकडे आली होती, म्हणाली, एक वर्ष तर असंही गेलंच, ऐयांना बोलवा, पुन्हा बसू. त्यानं आपल्या इकडच्या बोटमालकांकडे निरोप धाडला. इकडून उत्तर गेलं, राव सारनी हे सगळं सोडलं, आता ते येत नाहीत. "मला वाटलं, माझ्या त्या बोलण्याचा त्यांना राग आला. एवढा मोठा माणूस, मी कुठल्या तोंडानं पुन्हा विचारणार? दुसरं कुणी बसवावं म्हटलं तर पोरं तयार होईनात. मग राहूनच गेलं."

मी विचारलं, आणि आता? आता पुन्हा बसता येणार नाही का? तो हसला असावा, किंवा खोकला असावा. "आता कशाला, अम्मा? बोट विकली मी. मुलगा परदेशात हॉटेलात कामाला आहे. बंदी घालायला समुद्रात मासा तरी हवा." ऐयांसाठी रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावतो म्हणाला, आणि ऐयांचं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं.

तेव्हापासून मी या खोलीत बसून आहे. जानकी दोनदा जेवायला बोलवून गेली. मिरजेच्या साहेबावर, बोटमालकांवर, क्लबावर, सगळ्यांवर माझा राग करून झाला. आता तुझा येतोय, आणि तो कुठे ठेवू ते कळत नाही. तुझ्या फोनमध्ये त्याचा नंबर होता. तू तो पुसला नाहीस आणि लावलाही नाहीस. एकदा लावला असतास. नुसतं "मी राव बोलतोय" म्हणाला असतास, पुढचं त्यानंच सांगितलं असतं. तो तुला वाईट समजत नव्हता, अण्णा. तो तुझी वाट बघत होता रे.